‘कुठनं धरू हे?’ असं विचारणाऱ्या काकूंना

सांगली, ऑक्टोबर २०१९

ती. काकूंना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल. समोर येऊन बोलायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "असू दे की, त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला आत गेलात आणि माझं बोलणं घशातच राहिलं. म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण पुराच्या त्या आठवड्यात माझ्या भिजलेल्या रेकॉर्डच्या पोत्यांकडे बघून ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्याही कानावर हे जायला हवं.

आमचं घर गावभागात. २००५ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं ती रेघ वडिलांनी माजघराच्या भिंतीवर पेन्सिलीनं ओढून ठेवली होती, खाली तारीख घालून. गाण्याबजावण्याच्या रेकॉर्डचं, म्हणजे तबकड्यांचं कपाट त्यांनी त्या रेघेच्या वर चांगलं हातभर उंच बसवून घेतलं. २०११ साली ते गेले. पण त्या रेघेवर माझा भरवसा तसाच राहिला. यंदा ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फुटांची आहे. होडीत बसताना आईची औषधं, कागदपत्रांची पिशवी आणि अंगावरचे कपडे एवढंच बरोबर होतं. कपाटाकडे बघून मी मनात म्हटलं, रेघेच्या वर आहेत, काही होत नाही.

पाणी उतरल्यावर परत आलो तर कपाटाचं दार फुगून बसलेलं. पहारीनं उचकटलं. आत २१२ रेकॉर्ड. पुठ्ठ्याची कव्हरं भिजून एकमेकांत मिसळून लगदा झालेली, आणि प्रत्येक तबकडीवर पुराचा गाळ. हाताला लोण्यासारखा मऊ लागणारा, पण वासानं पोट ढवळून काढणारा. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

आईला विश्रामबागला नातेवाइकांकडे ठेवलं होतं, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून रेकॉर्डही टेंपोनं तिथंच आणल्या. त्यांनी दारातच अडवलं. "हा कचरा घरात नको." वास होताच, त्यामुळे तेवढं मी समजू शकतो. पण वर म्हणाले, "लोकांची घरं वाहून गेली आणि तुला तबकड्यांचं पडलंय." काकू, ते वाक्य फार लागलं, कारण दोन दिवस मी स्वतःलाच तेच म्हणत होतो.

विमा कंपनीचा माणूस आला. त्यानं फ्रिज बघितला, कपाट बघितलं, पोत्यात बॅटरीचा उजेड टाकला आणि कागदावर ‘जुने प्लास्टिक सामान’ असं लिहून पुढं शून्य टाकलं. पुण्यातल्या एका ओळखीच्या संग्राहकाला फोन केला. वडील असताना हा गृहस्थ आमच्याकडे मुक्कामाला यायचा, रात्र रात्र रेकॉर्ड ऐकत बसायचा. "बघतो, कळवतो" म्हणाला. त्याचा फोन आजतागायत आलेला नाही. आणखी एका व्यापाऱ्यानं सांगितलं, कव्हर गेलेली रेकॉर्ड म्हणजे भंगार, किलोवर देत असाल तर बोला. संगीतावर तासभर बोलू शकणारी ही माणसं. त्यांच्या बोलण्यावर मी इतकी वर्षं भाळलो याचा मला आता राग येतो.

तर पोती तुमच्या जिन्याखाली टेकवून मी पायरीवर बसलो होतो. भुरभुर पाऊस. तुम्ही दार उघडून बाहेर आलात, हाताला उडदाचं पीठ. पोत्यात वाकून बघितलंत. मला वाटलं, आता म्हणाल, इथनं हलवा. तुम्ही पदराला हात पुसलेत. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून आत गेलात, साबणानं हात धुऊन, कोरडे करून परत आलात आणि विचारलंत,

"कुठनं धरू हे? बोट कुठं लावायचं न्हाई?"

काकू, हे सगळं पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

त्या आठ दिवसांत त्या रेकॉर्डना कितीजणांचे हात लागले असतील. हमालानं पोती फेकली, एकानं चपलेनं बाजूला सरकवली, विमावाल्यानं पेनाच्या टोकानं ढोसून बघितली. विचारलं कुणी नाही. तुम्हाला तर त्या वस्तूचं नावही माहीत नव्हतं, तुम्ही त्यांना ‘ताटल्या’ म्हणत होता. पण ही कुणीतरी जपलेली चीज आहे आणि तिला हात लावायची काहीतरी रीत असणार, एवढं तुम्हाला न सांगता कळलं.

ती रीत मला वडिलांनी शिकवली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. दोन्ही तळहात कडेला. एका हातानं धरायची तर अंगठा कडेवर आणि बोटं मधल्या कागदाच्या चकतीखाली. काळ्या भागाला बोट लागता कामा नये, बोटाचं तेल रेघेत बसतं आणि त्याला धूळ धरते. मी चुकलो की ते रागवायचे नाहीत. रेकॉर्ड परत कव्हरात घालायचे आणि "उद्या" म्हणायचे. त्या दिवशी मग ऐकणं बंद. तुमच्या पायरीवर तुम्हाला धरून दाखवताना माझ्या तोंडून त्यांचेच शब्द बाहेर आले आणि मला रडू फुटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. तबकडी दोन तळहातांत घेतलीत, उजेडाकडे तिरकी धरलीत आणि म्हणालात, "रेघा हायत्या की ह्यात. चिखल रेघंत बसलाय."

हे वेड आमच्या घरात आलं कुठनं, असं तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारलं होतं आणि मला नीट सांगता आलं नव्हतं. आता सांगतो. वडील मूळ मिरजेचे, दर्ग्यातल्या उरुसाचं गाणं ऐकत वाढलेले. नोकरी मुंबईला, गोदीत कारकुनाची. शेजारच्या टेबलावर एक गोवेकर होते, संध्याकाळी ट्रम्पेट वाजवणारे. त्यांच्याबरोबर वडील धोबीतलावला गोवेकरांच्या कुडात, म्हणजे मुंबईत आलेले गोवेकर एकत्र राहायचे त्या खोल्यांत, जाऊ लागले. तिथं त्यांना कळलं की ‘अलबेला’तली जी गाणी ऐकून ते लहानपणी नाचायचे ती सी. रामचंद्रांची खरी, पण त्यांत वाजणारा वाद्यवृंदाचा तो झणका गोव्यातल्या आल्दोनाच्या चिक चॉकलेट यांचा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. रात्री हॉटेलात जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांकडून आलेलं संगीत, वाजवायचं आणि दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी, असं आयुष्य काढलेली गोव्याची कितीतरी माणसं होती. वडील त्यांची नावं आपल्या नात्यातल्या माणसांसारखी घ्यायचे. १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव पहिल्यांदा झाला, तेव्हा त्यांनी सॉनी रोलिन्सचा सॅक्सोफोन समोर बसून ऐकला. त्या रात्रीचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की मीही तिथं होतो असं वाटतं. पगार झाला की काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जायचं, महिन्याला एक रेकॉर्ड घ्यायची, आणि घरी आल्यावर कव्हराच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख आणि किंमत लिहायची. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. त्यामुळे ही २१२ म्हणजे मुंबईतला त्यांचा सगळा काळ होता, काकू. पोत्यांत तो भरून आणला होता मी.

पुढच्या चार दिवसांचं सगळं लिहीत नाही. पाणी किती बादल्या लागलं, साबण कुठला, हे तुम्हाला माहीत आहे आणि इतरांना कंटाळवाणं होईल. पण ताटाळ्याचं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून मी धुतलेल्या रेकॉर्ड गच्चीवर मांडायला निघालो. तुम्ही जिन्यात अडवलंत. "उडदाचा पापड उन्हात घातला की वाकडा हुतोय. सावलीत घाला." रेकॉर्ड ज्या प्लास्टिकची असते ते विनाइल म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण उन्हात रेकॉर्ड खरंच बशीसारखी वाकते आणि मग सहजी सरळ होत नाही. घाबरलेल्या डोक्याला ते सुचलं नव्हतं. तुम्ही भिंतीवरचं स्टीलचं ताटाळं रिकामं केलंत आणि ताटांच्या जागी एकेक रेकॉर्ड उभी लावलीत. बारा इंचांची रेकॉर्ड त्या दांड्यांमध्ये इतकी बेतानं बसली की कुठं घासत नव्हती, कुठं टेकत नव्हती, पाणी खाली निथळत होतं. एका ताटाळ्यात भागेना म्हणून शेजारणीकडून आणखी दोन आणलीत. तुमची ताटं कोपऱ्यात जमिनीवर रचलेली होती आणि चार दिवस तुमच्या घरची माणसं पत्रावळीवर जेवली.

रेकॉर्डच्या एका बाजूला रेघा पुष्कळ दिसतात, पण असते ती एकच, बाहेरून आत गोल गोल जाणारी. वीस मिनिटांची बाजू असेल तर ती रेघ उलगडून सरळ केल्यास जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल, आणि रुंदीला केसाएवढी. तेवढ्या रेघेतला चिखल तुम्ही जुन्या सुती साडीच्या तुकड्यांनी काढलात. रेघेच्या दिशेनं पुसायचं, आडवं पुसलं की ओरखडा उठतो, हे मी तुम्हाला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पापड लाटायला येणाऱ्या दोघी बायका लांबून बघत होत्या, त्यांनाही तुम्ही शिकवलंत, आणि त्या चुकल्या तर टोकलंतही.

कव्हरं वाचण्यासारखी नव्हतीच. शाईचं सगळं वाहून गेलं होतं, छापलेले रंग एकमेकांत उतरले होते. पेन्सिलीचं अक्षर तेवढं शाबूत. तुम्ही लगद्यातून ते कोपरे बोटांनी सोडवून घेतलेत, वर्तमानपत्रात घालून पोळपाटाखाली दाबून ठेवलेत. सत्तेचाळीस निघाले. वडिलांच्या हातचे सत्तेचाळीस कोपरे आज माझ्या टेबलाच्या खणात पाकिटात आहेत.

आणि हे सगळं चालू असताना तुमच्या सख्ख्या बहिणीचं भिलवडीचं घर पाण्यात होतं, दोन दिवस तिचा फोन लागत नव्हता. हे मला तिसऱ्या दिवशी तुमच्या नातीकडून कळलं. मी शरमेनं मेलो. म्हटलं, काकू, राहू दे हे सगळं, आधी तिकडचं बघा. तुम्ही म्हणालात, "रस्ताच बंद हाय तर जाणार कुठनं? हात हलता राहिला की जीव थाऱ्यावर राहतोय." त्या वेळी तुमच्या हातात जी रेकॉर्ड होती ती पुसून पुरी करूनच तुम्ही मान वर केलीत. बहीण सुखरूप असल्याचा फोन त्या संध्याकाळी आला, तेव्हा तुमच्याइतकाच मी देवाला नमस्कार केला.

२१२ पैकी १८९ वाजतात. लाखेच्या जुन्या होत्या त्या गेल्या. त्यातली एक टेडी वेदरफोर्डची. हा अमेरिकेचा पियानोवाला मुंबईत ताजमध्ये वाजवायचा, मग कोलकात्याला गेला आणि तिथंच १९४५ साली पटकीनं वारला. त्याची कोलकात्यातली तबकडी वडिलांना चोरबाजारात मिळाली होती. हमालानं पोतं आपटलं तेव्हा तिचे तीन तुकडे झाले. तुम्ही ते जमिनीवर जुळवून बघितलेत, मग धुतलेत, पुसलेत आणि फडक्यात बांधून माझ्या हातात दिलेत. टाकून द्या, असं म्हणाला नाहीत.

पाचव्या दिवशी मी एका ओळखीच्या मुलाकडून रेकॉर्ड प्लेअर मागून आणला. आमचा पाण्यात गेला होता. पहिली कुठली लावायची यावर मी बराच वेळ घालवला आणि बिल इव्हान्सची लावली. न्यूयॉर्कमध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड नावाचं तळघरातलं छोटं ठिकाण आहे, तिथं २५ जून १९६१ ला, रविवारी, ती टेप केलेली. पियानोवर इव्हान्स, ड्रमवर पॉल मोशियन, बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर स्कॉट लाफारो. लाफारो पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर अकराव्या दिवशी तो मोटार अपघातात गेला आणि इव्हान्सनं कित्येक महिने लोकांसमोर वाजवलं नाही. जॅझमध्ये माझं सगळ्यात लाडकं काय असं कुणी विचारलं तर मी हीच रेकॉर्ड पुढं करतो. कारण त्या तिघांत कुणी कुणाच्या वरताण वाजवत नाही. बासवाल्यानं गुपचूप ठेका धरावा अशी तोवरची रीत. लाफारो मधेच काहीतरी विचारतो, इव्हान्स थांबून ऐकतो, मग उत्तर देतो. आपल्याकडे साथीला चांगला सारंगीवाला बसला की गाणं कसं फुलतं, तसं.

तुम्ही पीठ मळता मळता ऐकत होता. थोड्या वेळानं हात थांबवून म्हणालात, "मागं भांडी वाजत्यात की."

माझ्या अंगावर काटा आला. खरंच वाजतात, काकू. त्या तळघरात माणसं खात-पीत बसली होती, कुणी बोलत होतं, कुणी हसत होतं, आणि तो ग्लासांचा किणकिणाट रेकॉर्डवर आला आहे. नवख्याला तो दाखवून द्यावा लागतो. तुम्ही पहिल्याच ऐकण्यात पकडलात. आणि मग तुम्ही हळहळलात, "एवढं चांगलं वाजवत्यात, आन् लोकं जेवायलीत." पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या त्या तिघांबद्दल अशी कळकळ मी जाणकारांच्या लेखांतसुद्धा वाचलेली नाही.

जाणकारांचं निघालंच आहे तर मनातलं बोलून टाकतो. डेव्ह ब्रुबेक या अमेरिकन पियानोवाल्याला ही मंडळी सोपा म्हणून बाजूला सारतात. मला ते कधी पटलं नाही. हा माणूस १९५८ मध्ये मुंबईला आला, हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर वाजवायला बसला, आणि पुढच्याच वर्षी त्यानं पाच मात्रांचं, नऊ मात्रांचं जॅझ घराघरांत नेलं. झपतालावर मान डोलावणाऱ्या माझ्या वडिलांना जॅझचं दार त्यानंच उघडून दिलं. सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन मोठाच, त्यानं मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं हे वडील अभिमानानं सांगायचे. पण त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या रेकॉर्ड येता-जाता लावू नयेत, एकट्यानं, सकाळी, पोट रिकामं असताना ऐकाव्यात असं माझं मत आहे. आणि कव्हर नसेल तर रेकॉर्डला किंमत नाही असं म्हणणाऱ्यानं ऐकणं कधीच सोडलंय. माझ्या १८९ रेकॉर्ड आज खाकी कागदाच्या साध्या पाकिटांत आहेत, आणि वाजताना त्या तेवढ्याच सुंदर वाजतात. काहींमध्ये मधे मधे एक खरखर येते. तो कृष्णेचा चिखल असणार, पार तळाशी बसलेला. मी तो काढायच्या भानगडीत पडत नाही.

मदत म्हणजे पैसे, मदत म्हणजे ट्रकभर सामान, अशी माझीही समजूत होती. त्या दिवसांत तीही आली, गावोगावहून आली, आणि त्या सगळ्या माणसांचं सांगलीवर ऋण आहे. पण दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी हात धुणं, आणि कुठं धरू म्हणून विचारणं, हे मी माझ्या आयुष्यात फार थोड्या लोकांत बघितलं. दवाखान्यात आईला उठवून बसवणाऱ्या एका नर्समध्ये बघितलं. मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेणाऱ्या कारागिरात बघितलं. वडिलांमध्ये बघितलं. आणि तुमच्यात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. साडी आणली तर "दिवाळीला घेते, आत्ता ठेवा" म्हणून परत पाठवलीत. दिवाळी आठवड्यावर आली आहे, तेव्हा आता ती घ्यावीच लागेल. तुम्ही आणलेलं एक ताटाळं अजून माझ्याकडे आहे. खोलीच्या भिंतीवर लावलंय आणि परत करायचं मनातून जीवावर येतंय, पण शेजारणीचं आहे, तिला हवं असेल.

रविवारी दुपारी ते घेऊन येतो. प्लेअर आता माझा स्वतःचा झालाय, तोही आणतो. त्या दिवशी पहिली बाजू संपली आणि लाईट गेली, दुसरी ऐकायची राहूनच गेली. त्या बाजूलाही भांडी वाजतात. रेकॉर्ड पाकिटातून तुम्हीच काढा.

तुमचा,
जिन्याखाली पोती ठेवून बसलेला